घोरणे थांबले, पण श्वासाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तोंडात घाला आणि शांत झोपा’ अशा थाटात विकल्या जाणाऱ्या माउथपीसविषयी हल्ली बरेच छापून येते. घोरण्याचा आवाज बंद झाला की काम फत्ते, हे त्या सगळ्या मजकुरामागचे गृहीत. दंतवैद्याने माप घेऊन बनवलेले उपकरण हा घोरण्यावरचा आणि झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकण्याच्या विकारावरचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियावरचा मान्यताप्राप्त उपचार आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो यश कशावर मोजायचे याचा. कान हे त्याचे मापक नव्हे.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. उताण्या माणसाची जीभ मागे घसरते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबतात, आणि श्वास आत घेताना जी ओढ तयार होते तिने घशाच्या भिंती आत खेचल्या जातात. वाट अरुंद झाली की हवेबरोबर टाळू फडफडतो, हे घोरणे. वाट पूर्ण मिटली की हवाही नाही आणि आवाजही नाही. छाती आणि पोट हलत राहतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो आणि घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास परत सुरू होतो. शेजारी झोपलेल्याला ‘चला, झाला एकदाचा गप्प’ असे ज्या वेळी वाटते, नेमका तोच श्वास अडकल्याचा काळ असू शकतो.

दातांच्या उपकरणाचे तत्त्व साधे आहे. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक ट्रे बसतो, आणि दोन्हींना जोडणारी रचना खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. जीभ हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेली असल्याने तीही पुढे येते. एवढेच होत असते तर घसा फक्त पुढून मागे मोकळा झाला असता. प्रत्यक्षात जबड्याशी जोडलेल्या मऊ भागांवर ताण येऊन टाळूच्या मागची पोकळी आडवीही रुंदावते. म्हणूनच ज्यांचा अडथळा जिभेपेक्षा टाळूच्या पातळीवर आहे, अशा अनेकांनाही याचा उपयोग होतो. कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर रोबँ यांनी जबडा पुढे धरणारे उपकरण १९०२ मध्येच वापरले होते. नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८१ मध्ये, ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मांडले.

आता मोजमापाचे. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या तपासणीच्या, अहवालात एएचआय हा आकडा असतो. श्वास किमान १० सेकंद जवळपास पूर्ण थांबला, किंवा हवेचा प्रवाह ३० टक्के वा अधिक घटून त्यासोबत ऑक्सिजन उतरला अथवा झोप मोडली, की एक घटना मोजतात. अशा घटना तासाला किती, तो एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. यात एक बारीक गोम आहे. काही प्रयोगशाळा ऑक्सिजन ३ टक्के उतरला की घटना धरतात, काही ४ टक्क्यांवर. त्यामुळे उपचाराआधीची तपासणी ३ टक्क्यांच्या नियमाने आणि नंतरची ४ टक्क्यांच्या नियमाने झाली, तर उपकरणाने काहीच न करताही आकडा सुधारलेला दिसतो. घरी होणाऱ्या तपासणीची दुसरी मेख अशी की तिच्यात बहुधा मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत. माणूस तळमळत जागा पडला असेल तरी ते तास भागाकारात धरले जातात आणि एएचआय खऱ्यापेक्षा कमी येतो. लक्षणे दांडगी आणि घरच्या तपासणीचा आकडा किरकोळ, अशी जोडी दिसली तर त्या आकड्यावर निवांत होऊ नये.

हे निदान निद्राविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. दंतवैद्याला संशय मात्र सगळ्यात आधी येऊ शकतो. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, मागे असलेली हनुवटी, उंच आणि अरुंद टाळू, घासून सपाट झालेल्या दाढा, जबडा पुरता उघडूनही न दिसणारी पडजीभ, ही सगळी खुर्चीवर बसल्या बसल्या दिसणारी चिन्हे. संशय आला की पुढे पाठवावे. त्याऐवजी तिथेच माप घेऊन आठवड्याने उपकरण हातात देणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी घाई आहे. श्वास मेंदूच्या आदेशाअभावी थांबत असेल, म्हणजे सेंट्रल अ‍ॅप्निया असेल, तर जबडा कितीही पुढे आणला तरी त्याला फरक पडणार नाही. आणि ते तपासणीशिवाय कळत नाही.

उपकरण कोणाला चालेल? प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा घट्ट दात हवेत, कारण रात्रभर जबडा मागे जाऊ पाहतो आणि तो सगळा जोर दातांवर येतो. हिरड्या सुजलेल्या, दात हलत असलेले, म्हणजे आधी हिरड्यांचा उपचार. कॅप किंवा मोठे फिलिंग करायचे बाकी असेल तर ते आधी उरकावे. उपकरण बनल्यावर एका दाढेचा आकार जरी बदलला तरी ट्रे नीट बसत नाही. जबडा पुढे काढण्याची क्षमता ५ मि.मी. पेक्षा कमी असेल तर हातात फारसे काही उरत नाही. कानासमोरच्या सांध्यात मुळातच दुखत असेल, तोंड उघडताना अडकत असेल, तर तोही विचार आधी. दातच नसतील, तर चोखणीसारख्या फुग्यात जीभ ओढून पुढे धरणारे वेगळे उपकरण असते. ते सहन होणारे लोक मात्र थोडे. उपकरणाला चांगला प्रतिसाद देणारे साधारणपणे कमी वजनाचे, बारीक मानेचे, मागे असलेल्या जबड्याचे, आणि मुख्यतः उताणे झोपल्यावरच श्वास अडकणारे असतात. नाक सतत चोंदलेले असेल तर यश घटते, म्हणून नाकाकडे आधी बघावे.

अमेरिकेतल्या निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक या दोन संस्थांनी २०१५ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: सीपॅप सहन होत नाही किंवा दुसरा पर्याय हवा आहे अशा प्रौढांना उपकरण द्यावे, ते रुग्णाच्या मापाचे आणि पुढे-मागे करता येणारे असावे, आणि परिणाम पुन्हा झोपेची तपासणी करून पडताळावा. यातले शेवटचे कलम सगळ्यात जास्त विसरले जाते.

माप घेण्याच्या टप्प्यावर थोडे थांबतो, कारण बिघाडाचे मूळ बहुधा इथे असते. दातांचा ठसा घेणे सोपे. स्कॅनर असेल तर आणखी सोपे. अल्जिनेटचा, म्हणजे ठसा घेण्याच्या ओल्या लगद्याचा, ठसा असेल तर त्यात लगेच प्लास्टर ओतावे, तासभर टेबलावर पडून राहिला की सुकून आक्रसतो आणि ट्रे दातांवर नीट बसत नाही. खरी कसोटी चाव्याच्या नोंदीची, म्हणजे खालचा जबडा वरच्याच्या किती पुढे धरायचा ते ठरवण्याची. पट्टीच्या आकाराचा एक गेज असतो. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडा त्याच्या खाचांत बसतात आणि जबडा पुढे-मागे सरकला की मिलिमीटरमध्ये आकडा दिसतो. समजा, कडेला कड ही स्थिती शून्य. जबडा पूर्ण मागे नेल्यावर उणे ४ आणि पूर्ण पुढे आणल्यावर अधिक ७, म्हणजे एकूण हालचाल ११ मि.मी. सुरुवात तिच्या ६० टक्क्यांवर करायची ठरली तर ६.६ मि.मी.; उणे ४ पासून मोजल्यास गेजवर अधिक २.६. दुसऱ्या कोणाची एकूण हालचाल ६ मि.मी. असेल तर तेच ६० टक्के म्हणजे जेमतेम ३.६. त्यामुळे कागदावर नुसते ‘६० टक्के’ लिहिलेले असेल आणि एकूण हालचाल लिहिलेली नसेल, तर त्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. ‘जबडा पुढे काढा’ म्हटल्यावर माणूस पहिल्या वेळी बिचकत अर्धवटच काढतो. तीनदा काढायला सांगावे आणि सर्वांत मोठा आकडा धरावा.

पुढे आणणे म्हणजे उघडणे नव्हे, हेही इथेच जपायचे. पुढच्या दातांमध्ये मटेरियल मावेल इतकी जागा, साधारण ३ ते ५ मि.मी., पुरते. जबडा बिजागरीसारखा फिरतो. जास्त उघडला की हनुवटी खाली आणि मागे जाते आणि पुढे आणून मिळवलेले निम्मे हातातून जाते. काहींचे तोंड झोपेत ट्रेसकट उघडते. अशांना दोन ट्रेंच्या मध्ये उभे लहान रबर लावले की जबडा खाली पडत नाही. क्षुल्लक दिसणारी ही रबरे पुष्कळदा फसलेले उपकरण चालू करून देतात.

सुरुवात कुठूनही केली तरी ती शेवटची जागा नसते. सहसा कमाल हालचालीच्या ५० ते ७० टक्क्यांदरम्यान आरंभ करतात. पहिले एक-दोन आठवडे काहीही फिरवायचे नाही, नुसती सवय करायची. लाळ सुटते, दात सकाळी ठणकतात, ते या काळात कमी होते. मग जबडा थोडा थोडा पुढे सरकवणारा उपकरणावरचा स्क्रू. अनेक उपकरणांत पूर्ण फेरा म्हणजे १ मि.मी., पाव फेरा म्हणजे पाव मि.मी.; पण हे बनावटीगणिक बदलते, तेव्हा आपल्या स्क्रूचे माप विचारून लिहून ठेवावे. आठवड्याला अर्धा ते एक मि.मी. हा झेपणारा वेग. स्क्रू दोन्ही बाजूंना असतील तर दोन्ही सारखेच फिरवायचे. उजवीकडे चार पाव फेरे आणि डावीकडे तीन झाले, तर जबडा रात्रभर तिरका राहतो आणि एकाच कानासमोर दुखू लागते. एका बाजूला दुखतेय अशी तक्रार आली की आधी फेरे मोजावेत. सांध्याचा आजार त्यानंतर शोधावा. दिवस, बाजू आणि फेरे लिहिलेला एक कागद उपकरणाच्या डबीतच ठेवला तर हा घोळ होत नाही. काही उपकरणांत स्क्रूऐवजी वेगवेगळ्या लांबीचे पट्टे असतात, काहींत एकेका मि.मी.ने पुढे असलेले ट्रे बदलत जायचे. तत्त्व तेच.

दुखू लागले तर दोन पावले मागे. जास्त पुढे म्हणजे जास्त चांगले, हाही गैरसमजच. काहींचा एएचआय ठरावीक बिंदूनंतर सुधारत नाही, फक्त सांधा आणि दात भरडले जातात.

घरी गरम पाण्यात मऊ करून चावायचे जे तयार साचे मिळतात त्यांची अडचण इथे ध्यानात येईल. ते जाड असतात, म्हणजे जबडा नको तितका उघडतो. दातांवर त्यांची पकड कमी, म्हणून मध्यरात्री ते उशीवर सापडतात. पुढे सरकवण्याची सोय बहुतेकांत नसते. असली तरी ढोबळ. आणि सर्वांत वाईट म्हणजे आवाज कमी करण्याइतपत ते पुष्कळदा चालतात. बायको किंवा नवरा शांत झोपू लागतो, आणि तपासणीचा विषय घरातून कायमचा उठतो.

सीपॅपशी तुलना नेहमी होते. एकाच रात्री शेजारी ठेवून मोजले तर सीपॅप एएचआय अधिक खाली आणते, यात शंका नाही. पण ते अर्ध्या रात्री काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. एक हिशेब करून पाहू, आकडे केवळ समजण्यासाठी. उपचाराविना तासाला ३० घटना, झोप ७ तास, म्हणजे रात्रीत २१०. सीपॅपने आकडा ३ वर आला, पण मास्क ४ तासच राहिला: १२ अधिक उरलेल्या ३ तासांच्या ९०, एकूण १०२. उपकरणाने आकडा १२ वरच थांबला, पण ते सातही तास तोंडात राहिले: ८४. दिवसाची पेंग आणि रक्तदाब यांवरचा दोन्हींचा परिणाम अनेक तुलनांत जवळपास सारखा येतो, त्याचे मुख्य स्पष्टीकरण हेच दिले जाते. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. एएचआय फार चढा, रात्री ऑक्सिजन बराच खाली जातो, गाडी चालवताना डुलकी लागते, अशा माणसाने सीपॅप नीट आजमावल्याशिवाय उपकरणाकडे वळू नये. दोन्ही एकत्रही वापरता येतात. उपकरणाने घसा मोकळा झाला की सीपॅपचा दाब कमी ठेवून भागते आणि मास्क सुसह्य होतो.

ढोबळमानाने बोलायचे तर उपकरण घेतलेल्यांपैकी एक तृतीयांशांचा एएचआय ५ च्या खाली येतो, एक तृतीयांशांचा निम्म्याहून अधिक उतरतो पण ५ च्या वर राहतो, आणि उरलेल्यांना पुरेसा फायदा होत नाही. हे तीन गट बाहेरून ओळखू येत नाहीत. तिघांचेही घोरणे कमी झालेले असू शकते. तिघेही ‘आता बरे वाटते’ म्हणू शकतात. एएचआय ४० वरून २२ वर आलेला माणूस घरच्यांच्या दृष्टीने बरा झालेला असतो आणि अहवालाच्या दृष्टीने मध्यम रोगी. म्हणून फेरे थांबवल्यावर, उपकरण तोंडात ठेवून, पुन्हा झोपेची तपासणी. पुढे वजन बरेच वाढले, लक्षणे परतली किंवा उपकरण बदलले, तर परत एकदा.

दुष्परिणामांविषयी विक्रेते बोलत नाहीत आणि काही दंतवैद्यही घाईत सांगतात. सकाळी उपकरण काढल्यावर मागच्या दाढा एकमेकींना लागत नाहीत, असे पहिल्या दिवसापासून जाणवते. जबडा पुढे ओढणारा स्नायू रात्रभर आखडलेल्या स्थितीत असतो, तो सैल व्हायला वेळ लागतो. त्यासाठी एक छोटा कडक तुकडा बनवून देतात. त्यावर रुग्णाच्या मूळ चाव्याचा ठसा असतो. उपकरण काढले की तो दातांत धरून १० ते २० मिनिटे हळूहळू चावायचे. जबडा खाचेत सरकल्याचे कळते. चहा-नाश्त्याआधीची ही दहा मिनिटे चुकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि वर्षांनंतर चावा बदलल्याची तक्रार त्यांच्याकडून अधिक ऐकू येते यात नवल नाही. पण हेही स्पष्ट असावे, की रोज नेमाने केले तरी दातांची दीर्घकालीन सरक पूर्ण टळेल अशी हमी देता येत नाही. जबडा मागे येऊ पाहतो तेव्हा वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर ढकलले जातात; काही वर्षांत पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरभर किंवा अधिक कमी झालेले आढळते. ज्यांचे वरचे दात बरेच पुढे आहेत त्यांना ते खुपत नाही. ज्यांचे आधीच कडेला कड आहेत त्यांना खुपते. घरच्या घरी पाहायचे असेल तर दुपारी पातळ कागदाची पट्टी दोन्हीकडच्या दाढांत धरून ओढावी. धरली जात असेल तर ठीक. दोन्हीकडून सहज निसटू लागली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवावे. उपकरण देण्याआधीच दातांचे फोटो आणि मॉडेल किंवा स्कॅन ठेवलेले असतील तरच किती बदलले ते सांगता येते. पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे किमान वर्षाला एकदा दाखवणे गरजेचे.

निगा अवघड नाही. कोमट नव्हे, साध्या पाण्यात मऊ ब्रश आणि पातळ साबण. टूथपेस्टने ट्रेच्या अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात आणि त्यांत वास धरतो. उकळते पाणी लागले की ट्रे वाकला म्हणून समजा. धुऊन, कोरडे करून, हवा जाणाऱ्या डबीत. घरात कुत्रा असेल तर ती डबी उंचावर. लाळेचा वास असलेली ही वस्तू कुत्र्यांना फार आवडते आणि एका चाव्यात संपते.

एक शेवटचा मुद्दा दंतवैद्य बांधवांसाठी. रात्री दात खाणाऱ्याला नुसत्या वरच्या दातांवर बसणारा, दातांची झीज रोखणारा नाइट गार्ड देणे हा रोजचा प्रघात आहे. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या काही रुग्णांत अशा गार्डने श्वास अडकणे वाढल्याचे आढळले आहे, कारण तो जबडा पुढे धरत नाही, फक्त उघडतो. गार्डचे माप घेण्याआधी ‘घोरता का, झोपेत श्वास थांबतो असे कोणी सांगितले आहे का, दिवसा पेंगता का’ हे तीन प्रश्न केसपेपरवर छापून घ्यावेत, आणि शक्य असेल तर उत्तर शेजारी झोपणाऱ्याकडून घ्यावे.

आपला,
एक दंतवैद्य